एडक्याची तालीम

चिमाजी आपल्या पोराला घेऊन माज्या दारात आला, तवा मी मेथीच्या जुड्या बांधत व्हते. केळीचं सोपट दातात धरून वर बगितलं, तर अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात बूट आन तोंडावर गोड हसू. माजं डोस्कंच फिरलं. दोन घरं पल्याड ऱ्हातो मेला, भावकीतला चुलत दीर, पन दीड वरीस माज्या दाराकडं त्येनं मान वळवली न्हवती.

"वैनी, दादा हाय का घरात?"

"घरात नसतील तर कुटं जातील? त्येंना कोन हाजरीला बोलवतंय?"

त्येनं मान खाली घातली. वर बगनार कुटल्या तोंडानं! माज्या मालकाला घरी बसवनारा ह्योच. कसं ते सांगते, न्हाईतर तुमी म्हनाल कस्तुराच लई कजाग.

माजा सासरा टकरीची एडकं पाळायचा. जत्रंत दोन एडकं समोरासमोर सोडायची, धाड करून डोक्यावर डोकं, आन ज्येचा एडका मागं फिरला त्यो हरला. मालक त्या एडक्यांतच वाढले. हुतूतूच्या मैदानात उतरले तवा त्येंनी एडक्याचीच रीत धरली. समोरचा गडी दम भरून आत आला की बाकीचे त्येचा पाय धरायला बगायचे. मालक मान खाली घालून सरळ त्येच्या छातीत डोकं घालायचे. गडी उताना! लोक वरडायचे, "एडका आला रं, जयसिंग एडका!" चौथी शिकल्याल्या मानसाला पासष्ट साली पिंपरीच्या एका कंपनीनं नुसत्या त्या डोक्यावर नोकरी दिली.

चिमाजी टीमचा कप्तान, पुढं म्यानेजर. डोकं घालताना कवा समोरच्याचा गुडगा लागायचा, कवा हाड, कवा भुई. मालक पडायचे, डोळं पांढरं व्हायचं. चिमाजी पळत यायचा, बुक्कीनं कांदा फोडून नाकाला लावायचा, तोंडावर पानी मारायचा. मानूस उठून बसला की पाठीवर थाप, "जा वाघा!" कांदा हुंगून उठला म्हंजी बरा झाला, अशी सगळ्यांचीच समजूत. तळेगावच्या एका सामन्यात मालक तीनदा पडले आन तीनदा उठवले. घरी आल्यावर मलाच म्हनले, "बाई, तुमी कोनाच्या?" मला थट्टा वाटली. हसले मी! काय म्हनावं माज्या अकलेला!

मग हळूहळू सुरू झालं. ऊन डोळ्यात घुसतंय म्हनून डोक्याला फडकं बांधून आंधारात बसायचे. सायकल पिंपरीत इसरून पायी यायचे. आमटीत मीठ कमी पडलं म्हनून ताट भिताडावर मारायचे, आन घटकाभरानं लेकरावानी रडायचे. कुरुळीला दिलेली आमची एकुलती एक लेक, तिचं नाव त्येंना आठवंना. खेळ सुटला तरी ह्ये काय सुटलं न्हाई. एकुनऐंशी साली मशीन चालू ठेवून भाईर निघून गेले, आडवायला आलेल्या सुपरवायझरच्या कानाखाली वाजीवली. चौकशी बसली. टीममदला जुना सोबती म्हनून चिमाजीला साक्षीला बोलवलं. काय बोलला असंल त्यो?

"सायेब, जयसिंग पितो."

दारूच्या नुसत्या वासानं उलटी व्हनारा मानूस माजा! पन खेळात मार लागला म्हनला असता, तर सायबानं इचारलं असतं, मार लागल्यावर परत मैदानात कुनी उतरवला? सोताची कातडी वाचवली भाड्यानं. मालकांचं काम गेलं ते गेलंच, वर बेवड्याचा शिक्का. मंडईत भाजीची पाटी उतरवताना शेजारची बाई इचारायची, "काल जास्त घेतली व्हती का गं तुज्या दादल्यानं? वरडत व्हता म्हनं." मी जुड्या मांडत बसायचे. किती जनींची तोंडं धरनार?

तर असा ह्यो चिमाजी दिवाळी सरल्यावर माज्या दारात हुबा. म्हनला, "वैनी, किसनचं काम हाय. आकुर्डीकडं एक कंपनी खेळाडू भरती करतीय. फागुनात निवडीचा सामना. पोरगं चपळ हाय, पन तेवढ्यावर कोन घेनार? दादाची धडक शिकला, तर डोळं झाकून घेतील."

मी किसनकडं बगितलं. एकोनीस वर्साचं पोरगं. मान रुंद, दात पांढरंशुभ्र, बापाच्या मागं लाजून हुबं. चांगलं पोर. आन त्येला बगताना माज्या मनात एकदम लख्ख झालं. मी काय म्हनून रडत बसले दीड वरीस? देवानं त्येचं पोरगंच माज्या दारात आनून सोडलंय की! त्येच्या घरात पन एक मानूस डोक्याला फडकं बांधून बसू दे. त्येच्या बी भिताडावर आमटीचं वगळ येऊ देत. मग बगू, कोन पितो म्हनतोस त्ये.

"धाडा की," मी म्हनलं. "रोज पाच वाजता धाडा. त्येंचा बी जीव रमंल."

"वैनी, मागचं तुमी मनात न्हाई ना ठेवलं?"

"भावकी हाय भावजी. मनात ठिवून कुटं जायाचं?"

त्येच्या जिवात जीव आला. जाताना मेथीची जुडी उचलून घेऊन गेला, न इचारता.

दुसऱ्या दिशी मालक लवकर उठले. मी त्येंना रातीच सांगितलं व्हतं, पन त्येंच्या ध्यानात ऱ्हाईल असं वाटलं न्हवतं. ऱ्हायलं. घर इसरलं, लेक इसरली, पन तालीम न्हाई इसरले. गोनपाट काढलं, दोरी वळली, दारातल्या चिंचंला गाठ मारली आन मला म्हनले, "ह्येच्यात भुसा भर. कवळ्या एडक्याला पयला महिना भुसा. मग भुसा आन वाळू. निव्वळ वाळू लई शेवटी. आबांची रीत हाय."

"बरं," म्हनलं.

पाटी घेऊन मी पवनंच्या पात्रात गेले. थंडीचे दिवस, पान्यावर धुकं, पायाला वाळू बरफावानी गार. खोऱ्यानं वल्ली वाळू भरली. चार खेपा केल्या. मान मोडून आली, चुंबळ भिजून पानी पाठीवरनं वगळत खाली गेलं, पन मला दमल्यासारखं वाटलं न्हाई. लगनाच्या जात्यावर बसल्यावानी मी ओवी गुनगुनत व्हते, खरं सांगते. वाळू भरली, वर इतभर भुसा पसरला आन पोत्याचं तोंड शिवून टाकलं.

संध्याकाळी मालकांनी पोत्यावर हात फिरवला. "जड लागतंय गं. भुसाच हाय ना?"

"भुसाच हाय. दव पडून भिजलाय."

त्येंनी माज्याकडं बगितलं, मग सोताच्या हाताकडं. आपल्या हाताचा भरोसा त्येंना ऱ्हायला न्हवता. "असंल," म्हनले.

किसननं पयली धडक दिली आन मागं बसला. डोळ्यात पानी.

"उठ रं. मान ताठ. दात आवळ. डोळं मिटायचं न्हाईत," मालक म्हनले. आवाज कसा म्हनता! दहा वर्सांमागचा.

महिना गेला, दीड महिना गेला. रोज पाच वाजता चिंचंखाली धप, धप, धप. मी चुलीम्होरं बसून ऐकायचे. एक धप चिमाजीच्या साक्षीची. एक मंडईतल्या बाईची. एक त्या ताटाची. लई समाधान वाटायचं, जेवन गोड लागायचं. पाप म्हना न्हाईतर काय म्हना.

पन येक भलतंच व्हत चाललं. मालक बरे दिसाया लागले. किसन एरवी त्येंना तात्या म्हनायचा, पन तालमीत "वस्ताद" म्हनायचा, पाया पडून सुरवात करायचा. दोन महिन्यात त्येंनी माज्यावर हात उचलला न्हाई. पोरगं बी गुनाचं. तालीम झाली की माज्याकडं यायचं, "काकी, सरका, मी वढतो पानी," म्हनून रहाटावर बसायचं. मेथीचा वाफा माज्याबरोबर उपटायचं. चिखलात भरलेल्या हातानं भाकरी खायाचं आन म्हनायचं, "आमच्या आईपरीस तुमची भाकरी पातळ असती." त्येच्या कपाळावर केसांच्या कडंला घट्टा पडला व्हता, तांबडा, खरबरीत. त्येला भाकर वाढताना माजा डोळा त्येच्यावरच जायाचा. एक भाकर जास्तीच वाढली जायाची. मग मी मनाला म्हनायचे, कस्तुरा, तुजा दादला बेवडा ठरवलाय ह्येच्या बापानं. ध्यानात धर. की परत घट्ट व्हायचे.

पुसात एक दिस काय झालं, मालकांनी किसनबरोबर आल्याल्या दुसऱ्या एका पोराला पोत्यामागं हुबा केला, धक्का सोसायला. किसन पळत आला, पाय घसरला, पोतं फिरलं आन दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आवाज मला चुलीपत्तूर आला. भाईर आले तर किसन हुबाच व्हता. हसत व्हता. पन त्येनं मान झाडली. एकदा, दोनदा, कानात पानी गेल्यावानी.

मालक ताडकन म्हनले, "थांब. ह्येनं मान झाडली. चाळीस दिस आता दोरी."

सासऱ्याची ती रीत मलाबी ठावी व्हती. टकरीनंतर एडक्यानं मान झाडली की त्येला चाळीस दिस खुट्याला बांधून ठिवायचा. कुनी हजार रुपये दिले तरी सोडायचा न्हाई. त्यात लढवला तर एडका गोल गोल फिरून मरतो. मी डोळ्यांनी बगितलाय तसा एक मरताना. सगळं आयुष्य ह्या लोकांनी एडक्याला चाळीस दिस दिले, आन मानसाला एक कांदा! मालकांना दिले असते कुनी चाळीस दिस, तर आज माजं घर असं असतं का? पन तवा कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. एडका त्यो एडका, गडी त्यो गडी.

आन त्या दिशी मालकांच्या डोक्यात आलं. फुटल्याल्या डोक्यात आलं. मी काय केलं म्हनता?

"मान कुटं झाडली?" म्हनलं. "मी बगतच व्हते की. माशी बसली व्हती त्येच्या कानावर."

"न्हाई गं. झाडली."

"तुमाला भास झाला. सकाळी न्हाई का म्हनलात, आबा ओसरीवर बसल्यात म्हनून? आबांना जाऊन नऊ वर्सं झाली."

मालकांचं तोंड उतरलं. पोरांसमोर लाजले. खाली बगत म्हनले, "असंल बाई. मला कुटं कळतंय हल्ली काय?" आन किसनच्या पाठीवर हात ठिवला. "चल, मार."

किसन माज्याकडं बगून हसला आन त्येनं धडक मारली.

महिन्याभरानं मी पाटी घेऊन मंडईला चालले व्हते. काळेवाडीच्या वाटंला युनूसचं सायकलीचं दुकान. ह्यो युनूस बी मालकांच्या टीममदला. एकाच सामन्यात पडला, रातभर उलट्या झाल्या, तर त्येच्या आईनं रहिमाबीनं त्येची चड्डीच चुलीत घातली आन म्हनली, "परत खेळलास तर माजं मेलेलं तोंड बगशील." गावानं त्येला लई दिस बायल्या म्हनून चिडवलं. आज दोन कारागीर हैत त्येच्या हाताखाली.

"वैनी, जरा थांबा," त्यो हात पुसत आला. "किसन तुमच्याकडं येतो ना? काल सायकल पंक्चरला टाकून गेला. आज आला आन मलाच इचारतो, युनूसभाई, माजी सायकल कुनी चोरली? मी म्हनलं, अरे तुज्या म्होरं हाय ती. तर लागला रडायला. जयसिंगभाऊचं असंच सुरू झालं व्हतं, आठवतं ना? चिमाजीभाऊ माज्याशी बोलत न्हाई, न्हाईतर मीच गेलो असतो. तुमी सांगा त्येला. अल्लाकसम, पोराला खेळवू नका म्हनावं."

"सांगते की," म्हनलं.

पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागले. चिमाजीचं घर माज्या घरापास्नं दोन घरं. येताना बी तिथनंच जायाचं, जाताना बी. त्येची बायकू शालन दारात शेवया वाळत घालत बसायची. आठ दिस मी तिच्या म्होरनं गेले. ती रोज हाक मारायची, "जाऊबाई, च्या घ्या की घोटभर. तुमी आन भावजींनी आमच्या किसनला मार्गी लावला, लई उपकार झाले." मी म्हनायचे, "उपकार कसलं? आपलंच लेकरू." आन पुढं जायाचे.

सामना फागुनात, भर दुपारी. आकुर्डीच्या बाजूला उघडं मैदान, चुन्याच्या रेघा, एका अंगाला कनात, कनातीत सायेब लोक. मालकांना मीच घेऊन गेले. चिमाजीनं त्येंना म्होरं बसवलं, टोपी घातली, सायबाला म्हनला, "ह्येच आमचे वस्ताद." बगा! त्येला बेवडा ठरवून घरी बसवायचा, आन पोराच्या नोकरीला वस्ताद!

पयल्या अर्ध्यात किसननं तीन गडी झोपवले. लोक वरडले, "एडका! एडका!" सायेब लोक माना हलवत व्हते. चिमाजी फुगून हुबा. मग एक दांडगा गडी आत आला. किसननं मान घातली, त्यो गडी खाली वाकला, आन डोक्यावर गुडगा बसला. पोरगं आडवं.

चिमाजी पळाला. खिशातच कांदा ठेवला व्हता त्येनं. बुक्कीनं फोडला, नाकाला लावला, पानी मारलं. किसन उठून बसला. बापाकडं बगून कायतरी बोलला. चिमाजीनं पाठीवर थाप मारली. "जा वाघा!"

मला वाटलं व्हतं सोताचं पोरगं हाय म्हटल्यावर ह्यो काढून घेईल. मग मी सगळ्या सायबांम्होरं वरडनार व्हते, का रं, आता कसं कळतंय तुला! पाठ करून गेले व्हते मी. पन त्येनं काढून घेतलंच न्हाई.

"पोरगं तिरपं चालतंय," मालक म्हनले. "ये कस्तुरा, तिरपं चालतंय ते." लगनापास्नं त्येंनी मला नावानं हाक मारली न्हवती. ते उठले, मैदानाकडं निघाले. मी त्येंचं मनगट धरलं. सगळा जोर लावून धरलं.

"बसा खाली. लोक बगत्यात."

"सोड. दोरी बांधाय पायजे त्येला."

"बसा म्हनते ना!"

ते बसले. मी सांगितलं की ऐकायचे ते, माज्याबिगर त्येंना कोन व्हतं?

पुढच्याच डावात किसननं मान घातली. कुनाचा गुडगा न्हाई, काय न्हाई, नुसतं गड्याच्या छातीला डोकं टेकलं असंल. त्यो चार पावलं गोल फिरला आन पडला. चिमाजीनं दुसरा कांदा फोडला. तिसरा फोडला. "उठ बाळा. उठ की रं. सायेब बगत्यात." पोराच्या नाकातोंडाला कांद्याचं पानी, आन एक पाय नुसता हालत व्हता.

टेंपोत घालून पुन्याला नेला. डोक्याचं हाड काढून आतलं रगत काढलं. बावीस दिस त्यो तिथं. मी दोनदा डबा घेऊन गेले. लोक काय म्हनतील म्हनून गेले, आन डोळ्यांनी बगायचं बी व्हतं.

त्येला घरी आनला त्याच्या दुसऱ्या दिशी चिमाजी माज्याकडं आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटनं खालीवर. ओसरीवर बसला न्हाई, खाली अंगनातच उकिडवा बसला.

"वैनी, दादा पीत न्हवता."

"मला ठावं हाय. मला काय सांगताय?"

"मी खोटं बोललो."

"मग ज्येच्याम्होरं खोटं बोललात, त्येच्याम्होरं खरं बोला. कागदावर बोला."

बोलला. चार मानसांदेखत लिहून दिलं, खेळात डोक्याला मार लागून जयसिंगची ही गत झाली, त्यो कवाच दारू पीत न्हवता, मार लागल्यावर मीच त्येला परत परत मैदानात उतरवत व्हतो. खाली सही. युनियनवाल्यांनी कागद कंपनीत दिला. कंपनी अजून इचार करतीय. पन मंडईत मी त्या बाईला कागदाची नक्कल दावली, मोठ्यानं वाचायला लावली. भाजी इकत घ्यायला आलेली मानसं बी थांबली. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? सुखाची झोप लागली त्या राती.

ती एवढीच एक रात.

चैताच्या शेवटी पाच वाजता मी धुनं वाळत घालत व्हते. बगते तर चिंचंखाली किसन. खेळायची चड्डी, बनियन, डोक्यावर अर्धवट उगावलेले केस आन त्येतनं टाक्यांची वाट. 

"काकी, तात्यांना बोलवा. आज निवड हाय."

पोतं मी कवाच काढून टाकलं व्हतं. त्यो मोकळ्या जागंकडं बगत हुबा. मालक भाईर आले, त्येच्याजवळ बसले, त्येच्या मानंवरनं हात फिरवत ऱ्हायले. आंधार पडायला लागला तसा मी किसनचा हात धरला. हात मऊ पडला व्हता. घरी नेऊन शालनच्या हवाली केला. शालन म्हनली, "आलात का घेऊन?" एवढंच.

दुसऱ्या दिशी परत. तिसऱ्या दिशी परत. "काकी, तात्यांना बोलवा. आज निवड हाय." वैशाख गेला, जेठ गेला. पाऊस लागला तरी यायचा, चिखलात अनवानी. रोज मी त्येचे पाय धुवायचे, भाकरीचा तुकडा हातात द्यायचे. वाटंनं जाताना त्यो रोज इचारायचा, "काकी, मी बरा खेळलो का?" आन मी रोज म्हनायचे, "बरा खेळलास बाबा." दोन घरांची वाट, पन मला ती कुरुळीपरीस लांब वाटायला लागली. चारचं ऊन उतरलं की माजी नजर वाटंकडं लागायची. एकदा लेकीकडं जाऊन आठ दिस ऱ्हायले. परत आले त्या दिशी पाचाला त्यो दारात.

आकाडातल्या एका संध्याकाळी मला सोसवंना. शालनला म्हनलं, "शालन, त्येला घरात ठेव की गं. दाराला कडी लाव. पलीकडं रस्ता हाय, ट्रकांची वर्दळ वाढलीय, इसरभोळं पोर एखाद्या दिशी..."

शालन चुलीम्होरनं उठली. किसनचं डोकं टावेलानं पुसलं, त्येला आत नेऊन बसवला आन दार लोटून माज्याम्होरं आली.

"त्यो इसरून येत न्हाई जाऊबाई. त्येला तुमची वाट बी आठवत न्हाई. पाच वाजले की चड्डी मीच घालते त्येला. निवड हाय म्हनून मीच सांगते. तुमच्या चिंचंपत्तूर हात धरून मीच आनून सोडते."

"का गं?"

"पुसात एक दिस घरी येऊन त्येनं मला सगळं सांगितलं व्हतं. तात्या म्हनले चाळीस दिस बांधा, आन काकी म्हनली काय झालं न्हाई. मी म्हनलं, तुज्या काकीला जास्त कळतं, तिनं भोगलंय ते." तिचा आवाज जरा बी चढला न्हाई. "आन महिन्याभरानं युनूस तुमाला काय बोलला, ते बी युनूसनंच दवाखान्यात येऊन मला सांगितलं. आठ दिस तुमी माज्या दारावरनं जात व्हता. मी च्या घ्या म्हनत व्हते."

तिच्या पाया पडावं म्हनून मी वाकले, तर ती मागं सरली.

"तसलं काय नगं. कुनाला सांगनार बी न्हाई मी. त्येच्या बापाला बी न्हाई. तुमी फकस्त त्येला रोज माघारी आनून सोडायचा. उंद्या बी, परवा बी. मी जित्ती हाय तवर धाडीन. मी मेल्यावर तुमी बघा त्येचं काय करायचं ते."

तिनं आत जाऊन दिवा लावला आन दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिशी सकाळपास्नं पावसाची झड. मी आडोशाला बसून पालक निवडत व्हते. पाचाच्या सुमाराला वळनावर शालन दिसली, डोक्यावर घोंगडं, हातात पोराचा हात. तिनं त्येला चिंचंखाली सोडलं, माज्याकडं बगितलं बी न्हाई, आन माघारी गेली.

"काकी," किसन म्हनला, "तात्यांना बोलवा."

मी हात धुतले आन मालकांना हाक मारली.